चौथ्या भागानंतर

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आपले बोलणे अर्धवट राहिले. ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही चार भागांची ब्रिटिश मालिका पाहून संपल्यावर बाबांनी आपली नाराजी एका वाक्यात सांगितली, आई काहीच बोलली नाही, आणि मग विषय माझ्या ऑफिसकडे वळला. मला मात्र तेव्हापासून त्या चौथ्या भागाबद्दल तुम्हा दोघांशी निवांत बोलायचे आहे. फोनवर मी बोलत सुटते आणि नेमके सांगायचे तेच राहून जाते, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुमची तक्रार अशी की चार भाग मन लावून पाहिल्यावरही १३ वर्षांच्या जेमीने शाळेतल्या केटीचा खून का केला, हे कोणी धडपणे सांगत नाही. तुम्ही ही तक्रार करणार, हे मला चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेवरची ‘चेर्नोबिल’ मालिका पाहिली त्या वेळीच ओळखता यायला हवे होते. त्या मालिकेच्या पाचव्या भागात सोव्हिएत शास्त्रज्ञ लेगासॉव्ह न्यायालयात लाल आणि निळ्या पाट्या लावून अणुभट्टीत काय घडत गेले ते समजावतो. तो प्रसंग तुम्ही दोनदा पाहिलात आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून सगळा क्रम पुन्हा सांगितलात: चाचणी ७०० मेगावॉटवर व्हायची होती, शक्ती पार ३० मेगावॉटपर्यंत घसरली, ती कशीबशी २०० वर आणण्यासाठी अणुक्रिया आवरणारे जवळजवळ सगळे नियंत्रक दांडे वर ओढून घेतले, आणि शेवटी भट्टी बंद करण्याचे बटण दाबले तेव्हा खाली येणाऱ्या त्याच दांड्यांच्या ग्रॅफाइटच्या टोकांनी घात केला. एवढी भयंकर दुर्घटनासुद्धा अशी पायरी-पायरीने मांडता येते, हे पाहून बरे वाटले, असे तुम्ही म्हणाला होतात.

तेव्हा एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. १९८७ च्या खऱ्या खटल्यात लेगासॉव्ह तेथे नव्हतेच. त्यांनी ऑगस्ट १९८६ मध्ये व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांपुढे अपघाताची मांडणी केली होती. न्यायालयातील तो प्रसंग लेखकाने रचलेला आहे. उलाना खोम्युक ही शास्त्रज्ञ तर लेगासॉव्हबरोबर झटलेल्या अनेक शास्त्रज्ञांच्या वतीने उभी केलेली काल्पनिक व्यक्ती आहे, आणि तसे मालिकेने शेवटी पडद्यावर लिहिलेही आहे. ही प्रेक्षकांची फसवणूक आहे असे मी मानत नाही. गुंतागुंतीचे कारण लोकांना समजायचे तर कोणीतरी उभे राहून ते सांगावे लागते, आणि प्रत्यक्षात तसे कोणी उभे राहिले नव्हते, म्हणून लेखकाने लेगासॉव्हला तेथे आणले.

‘अ‍ॅडोलेसन्स’ लिहिणाऱ्या जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम यांनाही असा कोणी आणता आला असता. तिसऱ्या भागातील मानसशास्त्रज्ञ बाईंकडे ते काम सहज सोपवता आले असते. त्या जेमीसमोर बसतात, त्याला बोलते करतात, तो मध्येच हसतो, मध्येच त्यांच्या अंगावर ओरडतो, आणि शेवटी त्याला ओढून बाहेर नेत असताना मी तुम्हाला आवडतो की नाही एवढेच विचारत राहतो. खोलीत एकट्या उरल्यावर त्या बाईंचा बांध फुटतो. त्यांनी अहवाल लिहिला असेलच, पण तो आपल्याला वाचून दाखवलेला नाही. शिवाय लेखकांनी सोप्या उत्तरांच्या वाटाही बंद केल्या आहेत: बाप मुलाला मारत नाही, आई घराकडे दुर्लक्ष करत नाही, बहीण गुणी आहे. कारणे आहेत, बाबा. थोडी शाळेत, थोडी मोबाइलमध्ये, थोडी फुटबॉलच्या मैदानावर. त्यांची बेरीज मात्र मांडलेली नाही, आणि ती मांडली असती तर आपण ती वाचून निर्धास्त झोपलो असतो, असे मला वाटते.

प्रत्येक भाग खरोखरच एका सलग शॉटमध्ये घेतला आहे का, असे तुम्ही विचारले होते. हो, खरोखरच. एकच कॅमेरा तासभर न थांबता चालतो. तो एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो, गाडीत चढतो, खिडकीतून बाहेर पडतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी तो चालू असतानाच ड्रोनला अडकवला, वस्तीवरून उडवत खून झाला त्या जागेपर्यंत नेला आणि तेथे खाली उतरवून फुले ठेवायला आलेल्या बापाच्या चेहऱ्याशी आणला. चूक झाली की पुन्हा पहिल्या क्षणापासून सुरुवात. जेमीचे काम करणाऱ्या ओवेन कूपरने त्याआधी कधीही कॅमेऱ्यासमोर अभिनय केला नव्हता, आणि त्याच्याकडून सर्वांत आधी करून घेतला तो तिसरा भाग, म्हणजे चारांतील सर्वांत अवघड. त्या भागात तो जांभई देतो, ती खरी जांभई आहे. समोर मानसशास्त्रज्ञ झालेल्या एरिन डोहर्टी यांनी न थांबता, कंटाळा आला का, असे त्याला विचारले आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आले. मला तो भाग पुन्हा पाहताना या एका क्षणासाठी श्वास रोखावासा वाटला. पुढे १५ व्या वर्षी त्याला अमेरिकेतला दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळाला. अभिनयासाठी तो मिळवणारा तो सर्वांत लहान वयाचा पुरुष कलाकार आहे.

या पद्धतीबद्दल माझे मत मात्र सरसकट कौतुकाचे नाही. शाळेच्या भागात कॅमेरा इतका धावतो की मुलांकडे पाहण्याऐवजी मी कॅमेऱ्याचीच वाट शोधत बसले. पहिल्या आणि चौथ्या भागात तसे होत नाही. पहाटे दार फोडून पोलीस जेमीला नेतात तेव्हा गाडीतला तो सगळा वेळ आपल्यालाही त्याच्याबरोबर काढावा लागतो. दुसऱ्या कोणत्याही मालिकेत तेथे दृश्य बदलले असते आणि आपली सुटका झाली असती.

आई, आता तुझ्याविषयी. दुसरा भाग पाहून झाल्यावर तू मला विचारले होतेस, “त्या मुलीच्या आईला कुठेच कसे दाखवत नाहीत गं?” मी तेव्हा काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. आता मनापासून सांगते, तुझा आक्षेप बरोबर आहे आणि या मालिकेवरचा तोच सर्वांत मोठा आक्षेप आहे. त्याच भागात पोलीस सार्जंट असलेली बाई हेच बोलून दाखवते, की सगळे जेमीला लक्षात ठेवतील आणि केटीला कोणी लक्षात ठेवणार नाही. म्हणजे लेखकांना आपली उणीव ठाऊक होती. ती मान्य केल्याने भरून निघते असे मला वाटत नाही. केटीच्या घरात घेतलेला एक पाचवा भाग असता, तर बाबांच्या प्रश्नाचे उत्तर कदाचित तरीही मिळाले नसते, पण तुझ्या प्रश्नाचे नक्की मिळाले असते.

या दुसऱ्या भागातच पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा बापाला बाजूला घेऊन सांगतो की केटीने जेमीला उद्देशून इन्स्टाग्रामवर टाकलेली ती इमोजी-चिन्हे तुम्ही चुकीची वाचता आहात. बापाला जी मैत्री वाटली तो खरा अपमान होता. ते पाहून दुसऱ्या दिवशी मी तुमच्या नातवाला सहज विचारावे तसे त्या चिन्हांबद्दल विचारले. तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, “आई, हे तुला कशाला हवंय?” मी मालिकेचे नाव सांगितले. त्याने त्यांतल्या तीन चिन्हांचे अर्थ मला सांगितले, चौथ्याचा सांगितला नाही. ती संध्याकाळ आम्ही दोघांनी त्याच विषयावर बोलत घालवली आणि त्यात माझ्यापेक्षा तोच जास्त बोलला.

चौथ्या भागातील शयनगृहाचा प्रसंग मी तीन वेळा पाहिला. घटनेला १३ महिने झालेले आहेत, त्या दिवशी जेमीच्या बापाचा, एडीचा वाढदिवस आहे, आणि नवरा-बायको पलंगावर बसून एकमेकांना विचारत आहेत की आपले कुठे चुकले. मुलगा शाळेतून आला की खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा, रात्री एकलाही त्याच्या खोलीत दिवा दिसायचा, आणि तो घरातच आहे म्हणजे सुरक्षित आहे असे त्यांना वाटायचे. एडीचे वडील त्याला पट्ट्याने मारत असत. आपण मुलांना कधी मारायचे नाही असे त्याने ठरवले आणि ते पाळले. मग तो मैदानाची आठवण काढतो. जेमीला फुटबॉल जमत नव्हता, बाकीचे बाप हसायचे, आणि एडीने त्याच्याकडे पाहण्याचे टाळून तोंड फिरवले.

आई, तू रविवारी गप्प का होतीस ते बाबांनी मला नंतर मेसेज करून सांगितले. आपणही मुलांच्या बाबतीत असे काही केले असेल का, असे तू त्यांना रात्री विचारलेस म्हणे. त्याचे उत्तर बाबांनी काय दिले ते मला ठाऊक नाही. माझे उत्तर ऐक. सातवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी तिसऱ्या वाक्याला अडखळले आणि पुढचे काहीच आठवेना. मागच्या रांगांतून हसू ऐकू आले. बाबा तिसऱ्या रांगेत होते आणि मी व्यासपीठावरून खाली उतरेपर्यंत त्यांनी माझ्यावरची नजर एकदाही काढली नाही. घरी आल्यावर तू मला काय झाले असे विचारले नाहीस. सगळे भाषण मला म्हणायला लावलेस आणि दादाला बसवून ते ऐकायला लावलेस. तुमच्या हातून चुका झाल्या नाहीत असे मी म्हणणार नाही, कारण ते तुम्हालाही खरे वाटणार नाही. पण एडी ज्या क्षणासाठी स्वतःला क्षमा करू शकत नाही, तसा क्षण माझ्या आठवणीत शोधूनही सापडत नाही.

आता मी सध्या जे पाहते आहे त्याबद्दल. मालिकेचे नाव ‘द पिट’. पिट्सबर्गमधील एका रुग्णालयाचा तातडीचा विभाग आणि तेथील एकच पाळी: पहिल्या सीझनचे १५ भाग म्हणजे सकाळी ७ पासूनचे सलग १५ तास, एका भागात एक तास. मुख्य डॉक्टर आहेत नोआ वायली. १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘ईआर’ या रुग्णालयावरच्याच मालिकेत शिकाऊ डॉक्टर झाले होते, तेच. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे आईचे डोके दुखणार नाही. जखमा आणि रक्त मात्र अगदी जवळून दाखवतात. तेथे बाबांनी आईला आधी सांगावे.

हे सगळे लिहिण्याचे खरे कारण या मालिकेतील एक वृद्ध रुग्ण आहे. न्यूमोनियाने अत्यवस्थ झालेल्या या गृहस्थांना विस्मरणाचा आजार आहे, आणि श्वासासाठी घशात नळी घालू नये असे त्यांनी शुद्धीत असताना लिहून ठेवले आहे. त्यांचा मुलगा आणि मुलगी येतात, तो कागद पाहतात, आणि तरीही नळी घालायला सांगतात. त्यांचे प्रेम खोटे नाही. वडिलांशी या विषयावर ती दोघे कधी बोललेलीच नसतात, त्यामुळे तो कागद त्यांना परक्या माणसाने लिहिल्यासारखा वाटतो. पुढे नळी काढायचे ठरते तेव्हा मुलीला ते फार जड जाते, आणि डॉक्टर त्या दोघांना वडिलांशी शेवटचे काय बोलावे ते सांगतात. काय सांगतात ते मी येथे लिहीत नाही. ते तुम्ही तेथेच ऐकावे.

तो चौथा भाग पाहून मी दादाला फोन केला. त्यानेही पाहिला. तुमच्या दोघांच्या इच्छा काय आहेत हे आम्हा दोघांपैकी कोणालाच सांगता येईना, आणि त्यानंतर बराच वेळ फोनवर कोणी बोलले नाही. बाबा, तुम्ही घराची आणि बँकेची सगळी कागदपत्रे नीट लावून आम्हाला दाखवली आहेत. हे एवढे कधी विचारायचे धाडस आमच्याकडून झाले नाही, आणि आताही मालिकेच्या आडोशानेच विचारते आहे.

तुम्ही पहिला भाग आज लावा. रोज एकच पाहा, म्हणजे शनिवारी रात्री चौथा येईल. दादा आणि मी तो आपापल्या घरी त्याच वेळी पुन्हा पाहू, आणि संपला की आम्ही दोघे मिळून तुम्हाला फोन करू. आई, त्या दिवशी आधी तू बोल.

तुमची लेक