परिवहन मंत्र्यांना खुले पत्र: पीयूसी देणाऱ्याला एकदा गाडीखाली वाकायला सांगा

माननीय परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी दिंडोरी तालुक्यातला शेतकरी. घरी द्राक्षं आहेत, टोमॅटो आहेत आणि माल वाहायला एक बीएस ६ पिकअप आहे. गेल्या हंगामात डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला आणि गाडी उचलायचीच बंद झाली. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जळायची तर धुराची नळी साधारण ६०० अंशांपर्यंत तापावी लागते. आमची फेरी म्हणजे शेत ते बाजार समिती, आणि तिथे रांगेत इंजिन चालू-बंद. काजळी जळणार कधी? नवीन फिल्टरचा जो आकडा कानावर आला, तो ऐकून मी तसाच परत फिरलो.

मग ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. "भाऊ, डीपीएफ काढून टाकू, ईजीआर बंद करू, वरून प्रोग्रॅमिंग मारू. परत दिवा लागला तर सांगा." ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवून नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करणारा भाग, आणि प्रोग्रॅमिंग म्हणजे दिवाच लागू नये म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये केलेला बदल. शेजारच्या गाडीचं तेच काम चाललं होतं. पोराने ग्राइंडरने फिल्टरचा डबा कापला, आतली मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी सळईने फोडून पाडली आणि रिकामा डबा वेल्डिंग करून पुन्हा जागेवर बसवला. जाळीचे काळे तुकडे दारातल्या चिखलात पडले होते. डबा जागच्या जागी, त्यामुळे सहज बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

मी ते काम करून घेतलं नाही. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटो निवडायला माझी चुलती जाते. बायका कॅरेटशेजारी खाली बसतात, तेव्हा त्यांचं तोंड आणि पिकअपचा सायलेन्सर एका उंचीला येतात. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच सांगितलं आहे. सायलेन्सर माझा आणि समोर काकू, हे काही डोक्यातून जाईना.

शेवटी दुसऱ्या एकाने स्कॅनर लावून गाडी उभी ठेवूनच काजळी जाळून दिली. खर्च नव्या फिल्टरच्या मानाने किरकोळ. "आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास एका वेगात चालवत जा," एवढंच त्याने बजावलं. गाडी घेताना हे मला कोणीही सांगितलं नव्हतं.

साहेब, कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. कलम १८२-अ (४) प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण हे पोटकलम मालकाचं आहे. ग्राइंडर चालवणाऱ्याचं आणि प्रोग्रॅमिंग विकणाऱ्याचं नाव त्यात कुठे आहे? हे काम करणाराही त्यात यावा, असा आग्रह आपण दिल्लीत धरावा.

राज्याच्या हातातली गोष्ट पीयूसीची. डिझेल गाडीच्या पीयूसीत ॲक्सिलरेटर दाबून धुराचा दाटपणा मोजतात, बस. इंजिन ठणठणीत असेल तर फिल्टर नसलेली गाडीही त्यातून सुटू शकते. नायट्रोजनचे ऑक्साइड डिझेलसाठी मोजलेच जात नाहीत, मग ईजीआर बंद आहे हे कळणार कसं? जर्मनी आणि नेदरलँड्सने २०२३ पासून धुरातले कण मोजणारं यंत्र तपासणीत आणलं, ते याच कारणाने. यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर पांढरं फडकं पुरे आहे. डीपीएफ नीट असेल तर सायलेन्सरच्या तोंडात आत फडकं फिरवलं तरी ते जवळजवळ स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं, तर ती गाडी बाजूला घेऊन डब्यावरचा वेल्डिंगचा जोड बघावा आणि स्कॅनर लावावा. मालवाहू गाड्या पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेसला येतातच, तिथे तर हे सक्तीचं करता येईल.

पण नुसता दंड लावू नका. हंगामात गाडी दोन दिवस उभी राहिली तर माल शेतात सडतो, म्हणूनच आमची माणसं त्या ग्राइंडरकडे जातात. पिंपळगाव, लासलगाव, पंचवटी या बाजारांजवळ फिल्टर साफ करून देणारी, दर लिहून लावलेली सोय उभी करा. कंपन्यांना गाडी देतानाच मराठीत समजावून सांगायला भाग पाडा. हवा सुधारण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात नाशिक २०१९ पासून आहे आणि सिंहस्थ तोंडावर आला आहे.

टोमॅटोच्या हंगामात एकदा पिंपळगावच्या लिलावाला या. गाड्यांच्या रांगेशेजारी, त्या बायका बसतात तिथे, दहा मिनिटं खाली बसा.

आपला,
एक पिकअप मालक-चालक
ता. दिंडोरी, जि. नाशिक