कोड आपल्याकडे, चर्चा मात्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंजिनिअरिंग आणि बीसीएच्या मुलांना हल्ली प्रोजेक्ट गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) टाकायला सांगतात, पेनड्राइव्हवर झिप फाइल फिरवत बसण्यापेक्षा ते कधीही बरंच. पण त्यातली एक गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. गिटनं (कोडमधले बदल नोंदवणारा प्रोग्राम, गिटहब त्यावरच चालतं) क्लोन केलं, म्हणजे पूर्ण प्रत उतरवली, की कोड आणि त्याचा सगळा इतिहास आपल्या मशीनवर येतो, पण बग (कोडमधली चूक) कोणी पकडला, त्यावर काय बोलणं झालं, अमुक बदल का नको म्हणाले, हे सगळं त्या वेबसाइटवरच राहतं. कोड काय करतो ते कोड वाचून कळेल हो, पण तो असाच का लिहिला हे त्या चर्चेतच असतं आणि नेमकी तीच आपल्याकडे नसते.

आणि ही नुसती भीती नाहीये. गिटहबसारखीच साइट गूगल कोड २०१६ मध्ये बंद झाली, तशाच बिटबकेटनं २०२० मध्ये मर्क्युरियलचा (गिटसारखाच दुसरा प्रोग्राम) सपोर्ट काढून टाकला. २०१९ मध्ये तर अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या साध्या डेव्हलपर्सच्या गिटहब अकाउंटवर बंधनं आली, त्यांचा यात काय दोष?

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे, नाव फॉसिल. बनवलंय डी. रिचर्ड हिप यांनी, म्हणजे ज्यांनी एसक्यूलाइट हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर केलं तेच, जे आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असतं. फॉसिल २००७ पासून स्वतःचाच कोड स्वतःमध्ये सांभाळतंय आणि २००९ मध्ये एसक्यूलाइटही सीव्हीएस (याच कामाचा जुना प्रोग्राम) सोडून त्याच्यावर आलं. यात व्हर्जन कंट्रोल (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणं) तर आहेच, पण बगची तिकिटं (नोंदी), विकी (माहितीची पानं), टेक नोट्स, फोरम, वेब इंटरफेस सगळं आतच, आणि अख्खा रेपो (प्रोजेक्टचा सगळा साठा) म्हणजे एकच एसक्यूलाइट डेटाबेस फाइल! क्लोन केलं की तिकिटं, विकी, फोरमसुद्धा कोडबरोबर येतात. नेट नसताना तिकीट बंद करा, विकीचं पान लिहा, नेट आलं की सिंक होतं. (चॅटपण आहे, पण ते तात्पुरतं असतं, क्लोनमध्ये येत नाही.)

मला सगळ्यात आवडतं ते हे की प्रोग्रामची फाइल एकच, विंडोजवर इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही, त्यामुळे ज्या लॅबमध्ये मुलांना ॲडमिन राइट्स नसतात तिथंही कॉपी करून चालतं. एका पीसीवर 'फॉसिल सर्व्हर' चालू केलं की लॅबच्या लॅनवर सगळी बॅच त्याच रेपोवर काम करू शकते, इंटरनेट असो वा नसो. लहान कॉलेजात, जिथं दुपारी नेट गेलं की प्रॅक्टिकल थांबतं, तिथं याचा किती उपयोग होईल बघा. शिवाय कमिट केलं (बदल नोंदवला) की ते आपोआप मुख्य रेपोला जातं, आणि जुना इतिहास नंतर पुसून चकाचक करायला रिबेस मुद्दामच दिलेलं नाही, म्हणजे कोणी किती काम केलं ते गाइड सरांना टाइमलाइनवर सरळ दिसतं.

नोकरीसाठी गिट यायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. लिनक्स कर्नलसारख्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अवाढव्य प्रोजेक्टला गिटच ठीक, ते त्यासाठीच २००५ मध्ये बनलं. पण चार मुलांच्या प्रोजेक्टला तेवढा पसारा कशाला? आणि फॉसिलमधून गिटमध्ये एक्सपोर्ट करता येतं, एसक्यूलाइटचा कोड गिटहबवर दिसतो तो असाच आरसा, म्हणजे नुसती प्रत, म्हणून ठेवलेला आहे.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. शिक्षकांनी यंदा निदान एका ग्रुपला फॉसिलवर प्रोजेक्ट करू द्यावा आणि सबमिशनच्या वेळी ती एक फाइल तिकिटं-विकीसकट जमा करून घ्यावी, पुढच्या बॅचला तिथूनच सुरुवात करता येईल. आणि तुमच्या शिक्षण पुरवणीत यावर मराठीत स्टेप बाय स्टेप एक लेख छापावा, कमांड फार नाहीत, अर्ध्या पानात बसेल.

आपला नियमित वाचक,
एक सॉफ्टवेअर डेव्हलपर, सांगली