आधी पट्टी, मग भोपळा

चि. केदार यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला लोकरीच्या भोपळ्याचा व्हिडिओ पाहिला. त्या मुलीचा हात छान आहे, पण तिचा भोपळा तू करू नकोस. ती गोलात विणतेय. म्हणजे मधून सुरुवात करायची, दर फेरीला टाके वाढवत जायचं आणि अर्ध्यावर आलं की घटवत यायचं. ज्यानं आयुष्यात क्रोशाची सुई हातात धरली नाही, त्यानं वाढवणं, घटवणं आणि फेरी कुठे सुरू झाली त्याची खूण, असं सगळं एकदम सांभाळायचं म्हटलं तर दुसऱ्या संध्याकाळी सुई ड्रॉवरमध्ये जाईल. तुझी गिटार जशी माळ्यावर गेली.

मी सांगते तो भोपळा कर. त्याला एकच टाका लागतो. सरळ चौकोनी पट्टी विणायची, तिची नळी शिवायची, दोन्ही तोंडं आवळून आत कापूस भरायचा. वाढवणं नाही, घटवणं नाही. हॅलोवीनला अजून वेळ आहे, रोज ईरा झोपल्यावर चार-सहा ओळी झाल्या तरी पुष्कळ. आणि गेल्या वर्षीसारखं खारींनी अंगणातला भोपळा कुरतडला म्हणून रडारड नको. हा घरातच राहील, कुजणार नाही, खारींना आवडणारही नाही.

आता खरेदी. नारिंगी लोकर घे, साधी ॲक्रिलिकची, स्वस्तातली चालेल. तिकडे अमेरिकेत लोकरीच्या वेष्टनावर एका छोट्याशा गुंड्याचं चित्र असतं आणि त्यात आकडा असतो, 0 ते 7. आकडा जितका मोठा तितकी लोकर जाड. तुला 4 नंबरची हवी. सुई पाच मिलिमीटरची, तिकडे तिच्यावर एच हे अक्षरही असतं. ॲल्युमिनियमची घे. बांबूची दिसायला छान असते, पण नवशिक्याची लोकर तिच्यावर अडकते, असं माझं मत आहे. केसाळ, मखमली लोकर अजिबात घेऊ नकोस, त्यात टाके दिसत नाहीत. काळी तर मुळीच नको. हॅलोवीन म्हटल्यावर तुला काळं मांजर सुचणार हे मला ठाऊक आहे. रात्री दिव्याखाली काळ्या लोकरीचे टाके मलाही मोजता येत नाहीत, तू तर आत्ता सुरुवात करतोयस. शंभर ग्रॅमच्या एका गुंड्यात असे दोन भोपळे सहज होतील. शिवाय बोथट टोकाची मोठी सुई, म्हणजे आपल्या दाभणासारखी पण टोक नसलेली, आणि पॉलिएस्टरचा कापूस. साधा कापूस भरू नकोस, त्याच्या आत गुठळ्या होतात.

तू डावखुरा आहेस म्हणून तुला व्हिडिओ बघून जमत नाहीये, बाकी काही नाही. ते सगळे उजव्या हातानं, उजवीकडून डावीकडे विणतात. तुला डावीकडून उजवीकडे जायचंय. पण आपलं काम सोपं आहे. व्हिडिओ कॉल लावला की मी तुझ्या समोर बसलेली असते, माझा उजवा हात तुला पडद्यावर डाव्या बाजूला दिसतो. तेव्हा उलटसुलट काही करायचं नाही, आरशात बघतोस तसं बघून माझ्यासारखंच करत जा. सुई तुझ्या डाव्या हातात, लोकर उजव्या हाताच्या तर्जनीवरून. लोकर करंगळीला एक वेढा देऊन आणलीस तर ताण सारखा राहतो. सुरुवातीला हात आखडतील. आखडले की ठेवून दे. घट्ट धरून विणणाऱ्याची पहिली ओळ इतकी आवळलेली होते की दुसऱ्या ओळीला सुई आत शिरतच नाही.

सरकफासाची गाठ मार, सुईत अडकव. सुईवर लोकर घे, फासातून ओढून काढ. ही झाली एक साखळी. अशा एकवीस साखळ्या घाल. मुद्दाम सैल घाल. आता सुईजवळची साखळी सोड आणि दुसऱ्या साखळीत सुई घाल. लोकर घेऊन ओढ, सुईवर दोन फास झाले. पुन्हा लोकर घे आणि दोन्ही फासांतून एकदम ओढून काढ. हा मुका खांब. बस्स, याच्यापलीकडे या भोपळ्यात काही नाही. प्रत्येक साखळीत एक याप्रमाणे वीस मुके खांब झाले की पहिली ओळ संपली.

एक धोक्याची सूचना देऊन ठेवते. तिकडच्या व्हिडिओत याला सिंगल क्रोशे म्हणतात. माझ्याकडच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत हाच टाका डबल क्रोशे म्हणून लिहिलाय, कारण ती पुस्तकं विलायतेच्या पद्धतीची. त्यामुळे कुठूनही नमुना उचललास तर तो अमेरिकेतला आहे की ब्रिटनचा, हे आधी बघ. नाहीतर ओळी दुप्पट उंच येतील आणि मधून कापूस डोकावेल.

ओळ संपली की एक साखळी घालून विणकाम उलटव. इथून पुढे जरा लक्ष दे. मागच्या ओळीचा वरचा काठ नीट पाहिलास तर बारीक वेणी घातल्यासारखा दिसतो. प्रत्येक टाक्याला दोन पदर असतात, एक तुझ्याकडचा, एक पलीकडचा. नेहमी आपण दोन्हींखालून सुई घालतो. या भोपळ्यात मात्र फक्त पलीकडच्या पदरात घालायची. अलीकडचा पदर तसाच मोकळा राहतो आणि तिथे आडवी उंच रेघ उठते. तू दर ओळीला विणकाम उलटवतोस, म्हणून पट्टीच्या दोन्ही बाजूंना या रेघा येतात आणि पट्टी रबरासारखी ताणली जाते. नळी शिवताना तीच पट्टी तू आडवी धरशील, तेव्हा या रेघा उभ्या होऊन भोपळ्याच्या देठापासून बुडापर्यंत उतरतील. सगळी करामत एवढीच आहे.

प्रत्येक ओळीला वीस टाके मोजायचे. मोजायचा कंटाळा केलास तर पट्टी हळूहळू निमुळती होते आणि का झाली ते कळत नाही. नवशिक्याचा टाका नेहमी कडेलाच हरवतो, मध्ये कधी नाही. उलटवल्यावर जी साखळी घातलीस ती टाका म्हणून मोजायची नाही आणि तिच्यात विणायचंही नाही. पहिला मुका खांब अगदी काठावरच्या टाक्यात जातो, तो बहुतेक जण सोडून पुढे जातात. शेवटचाही दिसत नाही, कारण तो जरा वाकडा होऊन मागे लपतो. म्हणून ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात एकेक सेफ्टी पिन अडकव आणि ओळीगणिक वर सरकवत जा. आठवडाभरात डोळा बसेल, मग पिना काढून टाक. एकोणीस भरले तर उसव. क्रोशात उसवण्याची भीती बाळगू नये. सुईवर एकच फास असतो, तेव्हा लोकर ओढली की हवं तेवढंच सुटतं आणि फास पुन्हा सुईत घेतला की काम सुरू. दोन सुयांवरच्या विणकामासारखी टाके ओघळण्याची धास्ती इथे नाही.

किती ओळी? मी छत्तीस धरते. पण तुझा हात माझ्याहून घट्ट की सैल ते आत्ता सांगता येत नाही, म्हणून आकड्याला चिकटून राहू नकोस. न ताणता मोजल्यावर पट्टीची लांबी रुंदीच्या पावणेदोनपट झाली की थांब. ओळींची संख्या सम ठेव, म्हणजे जोडावर रेघांचा क्रम चुकणार नाही. लोकर तोडताना हातभर शेपूट ठेव. त्याच शेपटानं पहिली ओळ आणि शेवटची ओळ एकमेकींना शिव, नळी होईल. मग नळीच्या एका तोंडाला कडेकडेनं धावदोरा घाल, ओढून गच्च आवळ, दोन-तीन गाठी मार. आत कापूस भर. कापूस पिंजून, थोडा थोडा, आधी कडांना. लोक भरताना हात आखडता घेतात आणि मग भोपळा दोन दिवसांत बसतो. वाटतं त्यापेक्षा मूठभर जास्तच भर. मग दुसरं तोंड तसंच आवळ.

आत्ता तुझ्या हातात चेंडू असेल आणि तुला वाटेल की आईनं फसवलं. हात-दोन हात लोकर दाभणात ओवून बुडातून वर, बरोबर मधून काढ. ती बाहेरून खाली आण, पुन्हा बुडातून वर, आणि दर वेळी ओढ. सहा वेढे पडले की चेंडूच्या सहा फाका होतात. वेढा रेघांच्या मधल्या खोबणीत बसवलास तर लोकर दिसतही नाही. हे काम ईराला शेजारी बसवून कर. तिला ओढायला दे, ती जोरात ओढेल, तेवढा जोर लागतोच.

देठाला विणत बसू नकोस. मधुराच्या मसाल्याच्या डब्यातली दालचिनीची जाड काडी खोच आणि तळाशी दोन टाके घाल. वासही छान येतो. अगदीच हौस असेल तर वेलीचा ताणा कर. हिरव्या लोकरीच्या पंधरा साखळ्या घालायच्या आणि परत येताना प्रत्येक साखळीत तीन-तीन मुके खांब कोंबायचे. जागा पुरत नाही म्हणून तो आपोआप पिळे घेत वळतो.

डोळे-नाक-दात लावायचे का, हे मधुरा विचारत होती. माझं म्हणणं, लावू नका. एक तर बटणं आणि प्लॅस्टिकचे डोळे लहान मुलाच्या घरात नकोतच. ईरा चार वर्षांची असली तरी तिच्याकडे खेळायला येणारी तिच्याहून लहान आहेत. आणि दुसरं, चेहरा लावला की तो 1 नोव्हेंबरला शिळा झाला. बिनचेहऱ्याचा भोपळा तुमच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत टेबलावर शोभतो. फारच हट्ट धरला तर काळ्या फेल्टचे त्रिकोण कापून चार टाक्यांनी टाचा, नंतर उसवता येतील. आणि एक लक्षात ठेवा, याच्या शेजारी खरी मेणबत्ती किंवा पणती ठेवायची नाही. ॲक्रिलिक वितळतं. 2024 साली नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले, तेव्हा तुमच्या दारात एका बाजूला आकाशकंदील आणि दुसऱ्या बाजूला कोरलेला भोपळा होता तो फोटो माझ्याकडे आहे. कोरलेल्या भोपळ्यात दिवा चालतो, विणलेल्याजवळ बॅटरीचाच.

बाबा मात्र कुरकुरतायत. भुताखेतांचा सण, तो घरात कशाला, म्हणतात. मी म्हटलं, सर्वपित्रीला तुम्ही कावळ्याची वाट बघत गच्चीत उभे असता ते कोणासाठी? मग गप्प बसले. तुमच्या शेजारच्या आयरिश आजींनी मला सांगितलं होतं ते मी त्यांनाही सांगितलं. त्यांच्याकडे जुन्या काळी सुगी संपून हिवाळा लागायच्या रात्री, सॉविनला, गेलेली माणसं परत येतात अशी समजूत होती. ख्रिस्ती झाल्यावर 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आला आणि आदल्या रात्रीला हॅलोवीन नाव पडलं. तेव्हा भोपळे नव्हतेच तिकडे, भोपळा मूळचा अमेरिकेतला. आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे. 1845 नंतर बटाट्याच्या दुष्काळात लाखो लोक देश सोडून निघाले, त्यातले कितीतरी तुमच्या बॉस्टनला उतरले. या नव्या देशात सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला मऊ असा भोपळा मिळाला. सलगम कधी चिरून बघ, म्हणजे त्यांची सुटका कशी झाली ते कळेल.

ईराला जॅकची गोष्ट सांग. एक लबाड जॅक असतो, तो सैतानाला फसवून त्याच्याकडून वचन घेतो की माझा जीव कधी नेणार नाहीस. मेल्यावर स्वर्गात घेत नाहीत आणि सैतानही वचनाला जागून दार लावून घेतो. अंधारात जायचं कुठे? सैतान त्याच्याकडे नरकातला एक निखारा फेकतो, जॅक तो पोखरलेल्या सलगमात ठेवतो आणि अजून भटकतोय. फार घाबरली तर तिला भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट मी फोनवर सांगीन. तिच्यातही भोपळा आहे, आणि वाघाची फजिती होते.

शनिवारी तुझ्या सकाळी, म्हणजे आमच्या संध्याकाळी, फोन लाव. तोवर साखळ्या घालून ठेव, कितीही वेड्यावाकड्या झाल्या तरी चालतील, पण टाकून देऊ नकोस. मला बघायच्या आहेत. फोन कशाला तरी टेकवून हातांवर रोख, तुझा चेहरा मला माहीत आहे. पहिली ओळ आपण बरोबर घालू.

मधुराला आशीर्वाद. ईराला गोड पापा.

तुझी,
आई

ता. क. लोकर घ्यायच्या आधी वेष्टनाचा फोटो पाठव. आणि बाबा विचारतायत, हिरव्या लोकरीचा दुधी भोपळा होईल का. होईल म्हणावं, पट्टी तीच, फक्त साखळ्या जास्त आणि ओळी कमी.