घाटात गाडी का थांबते

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, पुण्याहून मुंबईला येताना घाटात, जिथे कुणी चढत नाही की उतरत नाही, तिथे गाडी का थांबते, असं तुम्ही विचारलं होतंत. फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय.

बोरघाटात चढ ३७ फुटांना एक फूट. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक नीट धरतायत ना, हे मंकी हिल, ठाकूरवाडीला थांबवून पाहतात. गाडी आवरली नाहीच, तर सांधा तिला बाजूच्या चढणीच्या रुळावर वळवतो. तिथे तिचा वेग मरतो. त्याला ‘कॅच सायडिंग’ म्हणतात. म्हणजे आई, गाडी थांबली की तू धास्तावतेस, पण ते थांबणं आपल्याच काळजीपोटी असतं. परतीला कर्जतला मागून जास्तीची इंजिनं लावतात, तीही याच चढासाठी.

आणि हा घाट बांधला कसा, ते वाचून मी हललेच. बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची, हे शाळेत शिकलो. १८५६ मध्ये रूळ खोपोलीला पोचले, १८५८ मध्ये खंडाळा-पुणे सुरू झालं. मधला घाट मात्र लोक पालखीतून, तट्टावरून चढायचे! पहिल्या ठेकेदाराने १८५९ मध्ये काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस परत गेली नाही. तिने ठेका स्वतःकडे घेतला, देखरेखीला अनुभवी माणसं नेमली आणि काम तडीस नेलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला : २५ बोगदे, ८ मोठे पूल. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीने हजारो गेले. त्यांची नावं कुठे सापडत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा खंडाळ्याखाली गाडीला चक्क उलटी दिशा घ्यावी लागे, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावत. १९२९ मध्ये नवे बोगदे काढून ते टाळलं. मग वीज आली आणि १ जून १९३० ला बाबांची लाडकी डेक्कन क्वीन.

पुढच्या महिन्यात गाडीनेच या, मोटार नको. खिडकीची तिकिटं मी काढते. बाबांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा.

तुमची,
लेक