विषय : 'चालण्यासाठी नसलेल्या' सपातांबद्दल तक्रार

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

तुमच्या कस्टमर केअरशी आज दुपारी 3 वाजून 10 मिनिटांनी माझं शेवटचं बोलणं झालं. शेवटचं म्हणजे खरंच शेवटचं. यापुढे जे काय ते लेखी. जाहिरात तुम्ही मला मराठीत दाखवलीत, तेव्हा तक्रारही मराठीतच वाचा.

बदामी रंगाच्या, पुरुषांच्या, 8 नंबरच्या, टाच बंद असलेल्या त्या सपाता. कोणत्या ते सांगत बसत नाही, तुमच्या साइटवर पहिल्याच ओळीत आहेत. किंमत 3,299 रुपये, वॉरंटी 6 महिने. 28 नोव्हेंबरला मागवल्या, 3 डिसेंबरला आल्या आणि 6 जानेवारीला उजव्या पायाचा सोल पुढून सुटला. चौतीस दिवस. एवढ्यात आमच्याकडे लोणचंही नीट मुरत नाही.

आम्ही निफाडला राहतो. राज्यात सगळ्यात कमी तापमान कुठे, ही बातमी हिवाळ्यात लागली की बऱ्याचदा नाव आमचंच असतं. घर जुनं, फरशी शहाबादी, पहाटे पाय ठेवला की कळ थेट गुडघ्यात जाते. वडिलांना, म्हणजे नानांना, वीस वर्षांचा मधुमेह. तळव्यांना फारसं कळत नाही. मागच्या वर्षी धुपाटण्यातून पडलेल्या निखाऱ्यावर पाय पडला, ते फोड आल्यावर समजलं. तेव्हापासून डॉक्टरांनी घरातही अनवाणी फिरणं बंद केलं. अंगठ्याची चप्पल नको, पायातून कधी निसटली ते त्यांना कळत नाही. टाच बंद हवी, तळ घसरणारा नको, आणि बोटांच्या बेचक्यात घाम साचता कामा नये.

हे शेवटचं महत्त्वाचं, म्हणूनच मी लोकरीच्या मागे लागले. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढा ओलावा पिऊनही हाताला कोरडी लागते. पॉलिस्टर पीत नाही, पाय त्यात शिजतो. तुमच्या साइटवर 'अस्सल शिअरलिंग' लिहिलं होतं, ते म्हणजे काय तेही मी वाचलं : एकदाच कातरलेल्या कोवळ्या मेंढीचं कातडं, लोकर न काढता कमावलेलं. लोकर त्या कातड्यातूनच उगवलेली असते, म्हणून गळत नाही, आणि वापरून वापरून पायाच्या आकाराची होते. त्यामुळे सुरुवातीला किंचित घट्ट घ्यायच्या, हेही कळलं होतं. म्हणून 9 न घेता 8 घेतल्या. तुमच्या पहिल्या फोनवाल्यानं 'साइज चुकली असेल' म्हणून सांगितलं, त्यानं हे वाचलं तर बरं होईल.

आता एक गोष्ट, जी तुमच्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये बसत नाही. नाना माळकरी आहेत. आयुष्यभर कोल्हापुरी वापरली, कातड्याचं त्यांना वावडं नाही. पण कोकराचं कातडं, लोकरीसकट, म्हटल्यावर त्यांचा जीव जड झाला. आठवडाभर मी समजूत काढली. डॉक्टरांची शपथ घातली. शेवटी 'पांडुरंगा' म्हणून त्यांनी पाय घातला. आणि निघालं काय, तर प्लास्टिक.

ते कसं कळलं, सांगते. आमच्या शेजारच्या रानात दरवर्षी धनगरांचा वाडा उतरतो, खतासाठी मेंढ्या बसवायला. त्यातले म्हातारे मामा नानांच्या ओळखीचे. ओटीवर चहाला आले होते. मी सुटलेली सपाता त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, मामा, ही जेनाची लोकर बघा. (जेन म्हणजे कोकराची पहिली कातरण, त्याचं जावळच म्हणा. घोंगडीत त्याहून मऊ काही नाही.) मामांनी चष्मा लावला नाही की काही नाही. दोन अंगठ्यांनी केस फाकवले आणि मुळाशी बघितलं. कातडं कुठेच नव्हतं, खाली मच्छरदाणीसारखी विणलेली जाळी होती. मग एक बुचका उपटला, आणि तो सहज आला हेही नोंदवून ठेवा. काडी लावली. खरी लोकर जळताना आक्रसते, केस जळल्याचा वास येतो, काडी काढली की विझते, आणि राख चिमटीत चुरडली जाते. तुमची वितळली. काळा धूर, आणि पायरीवर मोहरीएवढा टणक काळा मणी. मामा म्हणाले, "ताई, ही मेंढी कारखान्यात चरलीय."

तो मणी मी काड्यापेटीत जपून ठेवला आहे. पुरावा म्हणून.

आता आजचा फोन. आधीच्या तीन फोनांबद्दल लिहीत नाही. एकात साइज चुकली, एकात '7 दिवसांत परत करायच्या होत्या' (सोल चौतिसाव्या दिवशी सुटणार हे मला सातव्या दिवशी कळायला हवं होतं), तिसरा कटला. आजचा मात्र शब्दशः लिहिते, कारण तो मी कागदावर उतरवून घेत होते. मी स्वतः बँकेच्या काउंटरवर सतरा वर्षं काढली आहेत. 'सिस्टिम डाउन आहे' कोणत्या आवाजात म्हणायचं ते मलाही येतं, त्यामुळे समोरच्या पोरावर माझा राग नाही. त्याच्या हातात उत्तरांचा तयार कागद देणाऱ्यावर आहे.

तो म्हणाला, "मॅडम, तुमचे फादर घरात साधारण किती चालतात?"

मला वाटलं, आपुलकीनं विचारतोय. सांगितलं : पहाटे उठतात, बाथरूम, देवघर, ओटीवर पेपर, मग चहाचा कप मोरीत ठेवायला स्वयंपाकघरात.

"म्हणजे डेली चालतात."

हो. डेली चालतात. 

"मॅडम, हे लाउंज वेअर आहे. ते आरामासाठी असतं, चालण्यासाठी नाही."

मी विचारलं, मग पायात घालून करायचं काय?

"रिलॅक्स करायचं, मॅडम."

मी विचारलं, पलंगावर बसून?

"सोफ्यावर पण चालेल."

साहेब, आमच्याकडे सोफा नाही. पण असता, तरी तिथपर्यंत नानांनी कसं जायचं? उडत? आणि चालायचंच नव्हतं तर खाली रबर कशाला चिकटवलंत? हे मी विचारलं. पलीकडून बराच वेळ कीबोर्डचा आवाज आला, आणि मग "मॅडम, ती डिझाइन आहे."

इथे माझी चूक झाली. मी त्याला काडी लावल्याचं सांगितलं.

"म्हणजे प्रॉडक्टला आग लावली?"

मी म्हटलं, बुचकाभर केसांना लावली. सोल त्याच्या आधीच सुटला होता.

"मॅडम, फायर डॅमेज वॉरंटीत कव्हर होत नाही."

फोन ठेवून पाणी प्यायले नाही तोच मेसेज आला : 'तक्रार बंद. कारण : ग्राहकाने उत्पादन जाळले.' आणि त्याच्याखाली लगेच दुसरा : 'आमच्या सेवेला किती तारे द्याल?' निफाडचं आकाश थंडीत स्वच्छ असतं, तारे भरपूर दिसतात. तुमच्या वाट्याला त्यातला एकही येत नाही.

पुन्हा सांगते, सोल आधी सुटला. काडी नंतर लागली. हे दोनदा लिहिते आहे, कारण फोनवर चारदा सांगूनही कोणी टिपून घेतलं नाही. सोलला एक टाका नाही, सगळा भार डिंकावर. नाना मोरीशी ओल्या फरशीवर सुटलेल्या टोकात अडकून घसरले, दाराची कडी हाताला लागली म्हणून वाचले. तळव्याला कळत नाही त्या माणसाला सोल सुटल्याचंही कळत नाही. यात विनोद करायला मला जागा सापडत नाही.

आणखी एक. 9 जानेवारीला मी तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला, फोटोंसकट. ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या नियमांप्रमाणे त्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. आज 17 फेब्रुवारी. पोचही नाही. पण ईमेल कोणीतरी वाचला असणार, कारण साइटवरचं 'अस्सल शिअरलिंग' गेल्या आठवड्यात गुपचूप 'शिअरलिंग टच' झालं आहे. किंमत तीच. जुन्या पानाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे 28 नोव्हेंबरचा आहे. टच! प्लास्टिकच्या फुलाला 'गुलाब टच' म्हणून विकून बघा कधी.

मला 3,299 रुपये पूर्ण परत हवेत. कूपन नको, वॉलेटमध्ये पॉइंट नकोत, त्याच वस्तूची दुसरी जोडी तर नकोच नको. 15 दिवस वाट बघीन. त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. तुमचं ऑफिस परराज्यात आहे यावर विसंबू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथे राहतो तिथे दावा लावता येतो, वकील लागत नाही, आणि एवढ्या रकमेला फीही नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, तिकडेही स्क्रीनशॉट पाठवीन. काड्यापेटी सुनावणीला घेऊन येईन.

खरं तर भांडायची हौस नव्हती. थंडी संपत आली आहे. नाना सध्या दोन जोड मोजे चढवून जुन्या कॅनव्हासच्या बुटांत घरभर फिरतात आणि मला म्हणतात, "जाऊ दे गं, कोकरू तरी वाचलं."

ग्राहक, निफाड (नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक तुमच्याकडे चार वेळा नोंदवलेला आहे)

ता. क. 'या सपाता चालण्यासाठी नाहीत' हे वाक्य कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी पाठवावं. पैसे द्यायचे नसतील, तरी एवढं पाठवा.