रविवारच्या फोनबद्दल

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन कट झाला नव्हता, मीच ठेवला. मिनूची शाळा कधी सुरू होते हे मी तीनदा विचारलं, ते तू मोजलंस. त्याचा राग आला. बाबा असते तर म्हणाले असते, विचारू दे की!

तर काल मिरजेला जाऊन आले. शेजारच्या वहिनी सोबत होत्या, ओरडू नकोस. डॉक्टरांनी अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ काढायला लावलं. तीस वर्षं पोस्टात तारखेचे शिक्के मारले, आणि आता घड्याळ काढून दाखवायचं. काढलं, काटेही बरोबर आले. सांगितलेल्या पाच शब्दांपैकी दोन मात्र राहिले. त्यातला 'कंदील' परतताना विश्रामबागेपाशी आठवला, पण तोवर काय उपयोग?

बी-१२ निघालं १४८, फारच कमी. त्यानेही विसरायला होतं म्हणे, आणि आपल्यासारख्या शाकाहारी घरांत ते पुष्कळ दिसतं. इंजेक्शनं सुरू केली. थायरॉइड ठीक आहे. तू पाठवलेला पी-टाउ २१७ या रक्तचाचणीचा कागदही दाखवला. अल्झायमर दिसायच्या आधी पंधरा-वीस वर्षं मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठायला लागतं, त्याची चाहूल आता रक्तात लागते. पूर्वी त्यासाठी पाठीतून पाणी काढायचं, नाहीतर पेट स्कॅन. तुमच्या अमेरिकेत मे २०२५ मध्ये अशा रक्तचाचणीला मान्यता मिळाली, पण तीही पंचावन्नच्या पुढच्या आणि विसरभोळेपणा जाणवू लागलेल्यांसाठी. शिवाय माझं क्रिएटिनिन वाढलेलं. मूत्रपिंड कुरकुरत असलं तर तो आकडा उगाच वर जातो. म्हणून आधी तीन महिने इंजेक्शनं, मग ठरवू. मी हो म्हटलं. जिंकलास.

पण तू ते जनुकांचं किट मागवलंयस ना? बोलता बोलता म्हणालास, मी ऐकलं. ते करू नकोस.

माई शेवटची चार वर्षं रोज संध्याकाळी माहेरी जायला गाठोडं बांधायची. आम्ही सगळे 'माई, हेच तुझं घर' म्हणून समजावून थकलो. तू दहावीत होतास. तिचा हात धरून मारुतीपर्यंत न्यायचास, परत आणायचास आणि दारात म्हणायचास, 'माई, आलं कुरुंदवाड.' ती आत येऊन चहा मागायची. घरात एवढे शिकलेले, पण ती अक्कल एकट्या तुला सुचली. मी हे कुणाकुणाला सांगितलंय तुला माहीत नाही.

तुझं वय चाळीस. रात्री दोनपर्यंत लॅपटॉप, बीपीची गोळी आठवली तर घ्यायची, चालणं नाही. झोप नीट घे, मीठ कमी कर, त्या कंपनीला सांग की... जाऊ दे. व्याख्यान नको म्हणून पत्र लिहायला बसले आणि तेच झालं. माफ कर.

अंगात एपीओई ४ हा अल्झायमरचा धोका वाढवणारा जनुक असला तरी रोग होतोच असं नाही, नसला तरी होणार नाही असंही नाही, हे डॉक्टरांचेच शब्द. मग ते ओझं आत्तापासून कशाला? तू म्हणशील, आईची तपासणी चालते, माझी नाही, हा कुठला न्याय. नसेल न्याय. माझं काय निघायचं ते निघू दे, मी सत्तरीची आहे. माझ्याकडून तुझ्यात काय आलंय हे मला कागदावर वाचायचं नाही.

रोज सकाळी पिनकोड म्हणते. सांगली ४१६४१६, मिरज ४१६४१०, तासगाव ४१६३१२. काल तासगावला अडखळले. हे गौरीला सांगू नकोस, ती रडत बसेल.

किट आलं असलं तर फोडू नकोस.

तुझी,
आई

ता. क. मिनूची शाळा कधी सुरू होते ते लिही. हे चौथ्यांदा. मीही मोजते आहे.