बगीचं उरलेलं शरीर परत मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: मांगा (जपानी चित्रकथा) वाचनाच्या ॲपमधून प्रत्येक प्रकरणाचं पहिलं पान गायब होत असल्याबाबत.

महोदय / महोदया,

मी तुमची वर्षभराची वर्गणी एकरकमी भरलेली ग्राहक आहे. पैसे भरले तेव्हा तुमच्या जाहिरातीत 'सर्व प्रकरणे, सर्व पाने' असं होतं. प्रकरणं सगळी आहेत. पानं नाहीत.

आमच्याकडे 'वन पीस' ही ओदांची समुद्री चाच्यांची मांगा वाचली जाते. मुलगी सातवीत आहे, तिच्यामुळे हे सुरू झालं. आधी मी भाजी निवडता निवडता तिच्या खांद्यावरून डोकावायचे, आता माझं माझं वाचते. गेल्या आठवड्यात दोघी कथेतल्या लोगटाउन शहराला पोचलो. ९८व्या प्रकरणात, अंगाचे तुकडे सुटे करू शकणारा चाचा बगी जोकर अख्खाच्या अख्खा समोर हजर! आम्ही त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा कथानायक लुफीची साथीदार नामी हिने त्याचे बाकीचे अवयव दोरीने बांधून ठेवले होते आणि लुफीने त्याला डोकं, हात आणि पावलं एवढ्याच ऐवजासह आकाशात भिरकावलं होतं. मग धड परत कधी जोडलं? शेजारी आल्विडा ही दुसरी चाची उभी, ती याला कुठे भेटली? मुलीला वाटलं, आपणच घाईत पानं पुढे ढकलली. ती मागे जाऊन सगळं पुन्हा वाचत बसली, तेही गणिताच्या चाचणीच्या आदल्या रात्री. मार्कांबद्दल या पत्रात लिहीत नाही.

उत्तर मिळालं ते तिच्या मैत्रिणीकडच्या छापील खंडांत. तिथे प्रकरणाच्या पहिल्या पानावर एक मोठं चित्र आणि त्यासोबत जेमतेम एक ओळ. पुढच्या प्रकरणाला पुढचं चित्र. ३५व्या प्रकरणापासून ७५व्यापर्यंत बगीची वेगळी गोष्ट अशी चित्राचित्राने सरकते. एवढासा उरलेला बगी एका बेटावर आपटतो, खजिन्याच्या पेटीत अडकलेला गायमोन त्याला भेटतो, पुढे आल्विडाची गाठ पडते. तिकडे त्याच्या जहाजावर कप्तान कोण यावरून हाणामारी, आणि ती जागा शेवटी मिळते कोणाला, तर रिची नावाच्या सिंहाला. मी वाचता वाचता इतकी हसले की दूध उतू गेलं. जपानमध्ये साप्ताहिकात हे येत होतं तेव्हा लोकांनी एकेका चित्रासाठी आठवडाभर वाट पाहिली असेल. आम्ही पैसे भरून एकही पाहिलं नाही.

तुमच्या ॲपमधलं 'स्मार्ट वाचन' प्रकरणाच्या पहिल्या पानाला मुखपृष्ठ समजतं आणि आपणहून वगळतं. ते बंद करायची सोय नाही, मी सगळं धुंडाळलं. चौथ्या खंडापासून सुरू होणारी वाचकांच्या प्रश्नांची पानं, ज्यांना 'एसबीएस' म्हणतात, तीही याच कात्रीत गेली आहेत. त्यात सदर सुरू झाल्याची घोषणा ओदांच्या आधी वाचकच आपल्या पत्रातून करून टाकतात, असा जुना गंमतीचा खेळ आहे. तोही आम्हाला मैत्रिणीच्या खंडांवरूनच कळला.

मी तुमच्याशी चॅटवर तीनदा बोलले. पहिल्यांदा यंत्र होतं, त्याने ॲप काढून पुन्हा टाकायला सांगितलं. टाकलं. दुसऱ्यांदाही यंत्रच असावं. तिसऱ्यांदा आलेल्या माणसाने कळवलं की हे 'बोनस कंटेंट' असून मूळ कथेवर त्याचा परिणाम होत नाही, आणि भरपाई म्हणून माझ्या खात्यात पन्नास नाणी जमा केली. ती नाणी फक्त पुढची प्रकरणं उघडायला चालतात. म्हणजे पहिलं पान नसलेली आणखी प्रकरणं.

परिणाम होत नाही? लुफीचा सुरुवातीचा मित्र कोबी, त्याचं बघा. (या नावावर आमच्या घरात अजून हसतात.) चष्मा लावलेला रडका पोरगा नौदलात जातो, पुढे कितीतरी खंडांनी वॉटर सेव्हन या शहरात परत येतो तो उंच, धीट आणि गार्प या नौदल अधिकाऱ्याच्या हाताखाली तयार झालेला. हा बदल झाला कुठे, तर ८३व्या ते ११९व्या प्रकरणांच्या पहिल्या पानांवर. गार्प स्वतः पहिल्यांदा दिसतो तोही तिथेच, आणि पुढे तो लुफीचा आजोबा निघतो! हे सगळं कळतं त्याच सुमारास पहिल्या पानांवर एनेल हा आधीचा खलनायक चंद्रावर पोचलेला असतो. हो, चंद्रावर. हेही मूळ कथेबाहेरचंच का?

तमाशात गण-गवळण कापून प्रेक्षकाला थेट वगात बसवलं, तर तो तिकिटाचे पैसे परत मागेल. मावशी आणि पेंद्या नकोत, असं म्हणणारा माणूस तमाशाला येतोच कशाला?

तरी माझी मागणी अशी, की पहिली पानं आणि प्रश्नोत्तरांची पानं पंधरा दिवसांत पूर्ववत दिसावीत. ते जमत नसेल तर 'स्मार्ट वाचन' बंद करायचं बटण द्यावं, आणि तेही जमत नसेल तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करावी. नाणी नकोत, आधीची पन्नाससुद्धा काढून घ्यावीत. सर्व पानांचे पैसे घेऊन काही पाने देणं याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटी म्हणतात. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सोबत पैसे भरल्याची पावती, तिन्ही संभाषणांचे स्क्रीनशॉट आणि तुमच्या ॲपमधलं ३५वं प्रकरण जिथून सुरू होतं त्या पानाचा फोटो जोडला आहे. यंत्राने नव्हे, माणसाने उत्तर द्यावं ही विनंती.

कळावे,

आपली ग्राहक
(नाव आणि वर्गणी क्रमांक पावतीवर आहे)

ता. क. छापील आठवा खंड शनिवारी परत द्यायचा आहे. नववा मैत्रिणीच्या भावाकडे आहे आणि तो कोणाला देत नाही. बगी सध्या अर्धवट अवस्थेत आहे, याचा विचार व्हावा.